इनोंगेचे बाबा

"मुलं किती?" सिस्टर मुतिंतानं विचारलं, आणि एवरिस्तो म्हणाला, "एक."

प्रश्न साधाच होता. गोळ्या न्यायला तो दवाखान्यात आला की सिस्टर असं काहीबाही विचारायची. झोप लागते का, पाय चुरचुरतात का, बायकोचं कसं काय. तोही खिडकीबाहेर बघत उत्तरं द्यायचा. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रटरटत होतं आणि अंगणात जकरांडाच्या फुलांचा जांभळा चिखल झाला होता. सिस्टरनं मान वर केली.

"एकच?"

"एकच. चिकोंदी. त्याची तपासणी तुम्हीच केलीत की. दर वेळी चांगली आली."

"चिकोंदी मला माहीत आहे हो. पण मघाशी बाहेरच्या बाकावर ती कोबीवाली म्हातारी तुम्हाला म्हणत होती, 'इनोंगेचे बाबा, सरका जरा तिकडे.' ही इनोंगे कोण?"

त्याच्या कानशिलांत एकदम गरम झालं. बारा वर्षं सगळी काब्वाता वस्ती त्याला इनोंगेचे बाबा म्हणत आली होती. रेडिओ दुरुस्तीला आणणारी गिऱ्हाइकं, शेजारी, चर्चमधले लोक, सगळेच. एवरिस्तो कासोंदे हे त्याचं नाव फक्त इथं, या दवाखान्यात उच्चारलं जायचं. इतकं की ते नाव त्या आजाराचंच आहे असं त्याला कधी कधी वाटे. इनोंगेचा बाबा या दाराशी थांबायचा आणि एवरिस्तो कासोंदे आत यायचा. म्हणून तोंडातून 'एक' गेलं असेल. तो खोटं बोलला नव्हता. निदान ठरवून तरी नाही.

"ती मोठी आहे," तो म्हणाला. "पहिल्या बायकोची. बारा वर्षांची. शाळेत जाते. तिला काही नाही."

"कुणी सांगितलं काही नाही म्हणून?"

"अहो सिस्टर, जन्मापासून असतं तर एव्हाना..."

"एव्हाना काय? मेली असती?" सिस्टर मुतिंता टोंगा जमातीची होती, बोलायला तिखट, पण आता तिचा आवाज उतरला. "सगळी नाही मरत. काही जगतात. हळूहळू कुरतडत नेतो तो, पत्ता लागू देत नाही. उंची खुंटते. गालांवर बारीक बारीक चामखिळी येतात. कान वाहतो."

कानाचं त्यानं सांगितलं नव्हतं. कानाबद्दल तो एक अक्षर बोललेला नव्हता. त्यानं गोळ्यांची पिशवी उचलली, ती खाली ठेवली, पुन्हा उचलली. सिस्टर म्हणाली, "गुरुवारी घेऊन या तिला. शाळा सुटली की. दहा मिनिटांचं काम आहे." तो हो म्हणाला आणि बाहेर पडला. बाकावरची कोबीवाली म्हातारी म्हणाली, "काय हो इनोंगेचे बाबा, झालं का?" त्यानं मान हलवली.

त्याचं दुकान म्हणजे मालगाडीचा असावा तसा एक जुना लोखंडी डबा होता. पुढे पत्र्याचं छप्पर काढलेलं, आत टेबल, टेबलावर पोट फाडलेले रेडिओ. दुपारी डबा तापला की लोखंडाचा नि डिंकासारख्या राळेचा वास कोंदून राहायचा. त्या दिवशी त्याच्या नाकात दुसराच वास होता, इनोंगेच्या उशीचा. गोडसर, कुजकट, शिळ्या भाताच्या पेजेसारखा. तो वास घरात इतकी वर्षं होता की भिंतीच्या रंगासारखा दिसेनासा झाला होता. तिसऱ्या वर्षी तिचा डावा कान पहिल्यांदा वाहिला. शेजारणीनं कोमट तेल सांगितलं. मग थेंब झाले, मग दुसरे थेंब, मग कापूस. कापसाचा बोळा तिच्या कानात असायचा, जशी दुसऱ्या मुलींच्या कानात डूल. 'वय वाढलं की जाईल' असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि कोण म्हणालं हे विसरूनसुद्धा त्यानं ते धरून ठेवलं होतं. उंचीचंही तसंच. त्याची आत्या ठेंगणी होती. इनोंगे आत्यावर गेली, असं तो हसत सांगायचा. बारा वर्षांची पोर आठ वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभी राहायची, आणि तो चर्चच्या दाराशी उभा राहून आत्याबद्दल विनोद करायचा.

आणि शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, लक्ष नसतं हो तिचं. त्या दिवशी घरी येऊन तो तिच्यावर ओरडला होता, "ऐकू येत नाही का तुला?" ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली होती. उद्धटपणे बघते, असं त्याला वाटलं होतं. रेडिओतली बारीकशी खरखर कुठल्या तारेतून येते ते डोळे मिटून सांगणारा तो, आणि त्यानं पोटच्या पोरीला हे शिवी म्हणून विचारलं होतं. प्रश्न म्हणून विचारलंच नव्हतं. त्यानं हातातली सोल्डरिंगची तापलेली सळई स्टँडवर ठेवली. समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि काहीतरी विचारत होतं. "उद्या या," तो म्हणाला.

पण खरी भीती कानाची नव्हती. ती त्याच्या मागे उभी होती, लग्नातल्या पाहुण्यासारखी नटून, आणि तिचं नाव होतं नामाकाऊ, त्याची पहिली बायको. ती शेजारच्या धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. हसताना तोंडावर हात धरायची, पुढचे दोन दात एकावर एक होते म्हणून. लोझी जमातीच्या बायकोबद्दल त्याच्या बेंबा नातलगांनी नाकं मुरडली होती: ती आपल्या राजाच्या गोष्टी सांगेल नि तुला पाणी भरायला लावेल. पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणे आईकडे गेली, पार मोंगूला, पुराच्या मैदानापलीकडच्या गावात. तिथं आजी होती, सुईण होती. रक्त तपासणारं कुणी नव्हतं. ती परत आली तेव्हा पाठीवर इनोंगे होती आणि चेहऱ्याची हाडं वर आली होती. बाळंतपणाचा अशक्तपणा, सगळे म्हणाले. मग खोकला. मग ताप. मलेरिया, सगळे म्हणाले. तिनं दोन वर्षं काढली. शेवटी ती इतकी हलकी झाली होती की तिला उचलून उन्हात ठेवताना त्याला लाज वाटायची, जणू कुणाची तरी वस्तू आपण चोरून नेतो आहोत. औषध तेव्हा शहरात मिळू लागलेलं होतं. फुकट मिळत होतं. हे वाक्य तो मनातसुद्धा पुरं करत नसे. दफनानंतर सासू म्हणाली, कुणीतरी करणी केली. त्यानं तेही चालवून घेतलं.

पुढे काही वर्षांनी लव्हनेस त्याच्या आयुष्यात आली, तिला दिवस गेले, आणि दवाखान्यानं नवऱ्यालाही एचआयव्हीच्या तपासणीला बोलावलं. ती सुटली. तो अडकला. त्या वेळी, सिस्टर समोर बसून बोलत असताना, त्याच्या मनानं घाईघाईनं एक गोष्ट रचली. नामाकाऊ गेल्यावर तो काही महिने किट्वेला कामाला होता. तिथं खाणीजवळच्या दारूच्या गुत्त्यात एक बाई होती. तिथूनच आलं. तिथूनच. त्या निदानाच्या क्षणीही त्याला थोडं हायसं वाटलं होतं, हे तो कुणाला सांगणार? कारण आजार किट्वेहून आला म्हणजे तो नामाकाऊच्या मरणानंतर आला. एक भिंत उभी राहिली. भिंतीच्या अलीकडे तो आणि त्याच्या गोळ्या. पलीकडे नामाकाऊ मलेरियानं मेलेली, स्वच्छ, आणि तिच्या पाठीवर इनोंगे, सुरक्षित. फक्त एक गोष्ट तो वगळायचा. किट्वे लग्नाआधीही होतं. काम शिकायला तो तिथंच तर राहिला होता, आणि तेव्हाही गुत्ते होते, आणि तो तरणा होता.

घरी लव्हनेस पडवीत भोपळ्याचा पाला निवडत होती. चिकोंदी तिच्या पायांशी रिकाम्या डब्यावर चमचा आपटत होता. नवऱ्याला लवकर आलेला बघून ती म्हणाली, "काय हो, आज रेडिओंनी संप केला? का माकडं मारायला चाललात तुम्ही बेंबा लोक?"

"तुम्ही उंदीर खाणाऱ्यांनी बोलू नये," दोघांच्या जमातींत चालणाऱ्या जुन्या थट्टेच्या सवयीनं तो म्हणाला, पण त्याचं वाक्य मध्येच बसलं. तो तिच्याजवळ खाली टेकला. बराच वेळ त्यानं पाल्याच्या देठांच्या शिरा सोलल्या. मग म्हणाला, "सिस्टर म्हणते इनोंगेला तपासायला आण."

लव्हनेसचे हात थांबले नाहीत. "आणा मग."

"तुला नवल नाही वाटलं?"

"नाही."

"का?"

"का म्हणजे? मी डोळे मिटून राहते का या घरात? तिची उशी मी धुते." तिनं पाला टोपलीत टाकला. "मी तुम्हाला विचारलं होतं, इनोंगेचे बाबा. चिकोंदी झाला तेव्हा. तुम्ही म्हणालात, तिची आई मलेरियानं गेली. असं म्हणालात की मी पुढं तोंडच उघडू नये. माझी पोर असती तर फरफटत नेली असती मी. पण मी सावत्र. मी म्हटलं असतं, हिच्या रक्तात काही आहे, तर तुमच्या बहिणींनी काय म्हटलं असतं? नवी आली नि आधीच्या पोरीला शाप देत सुटली."

"मी काही म्हटलं नसतं."

"तुम्हीच आधी म्हटलं असतं," लव्हनेस म्हणाली, आणि मग कमरेच्या चितेंगे वस्त्राचा काठ तिनं पदरासारखा डोळ्यांना लावला. ते खरं होतं. चिकोंदी चमचा आपटत होता, आणि तो आवाज फार मोठा झाला आहे असं एवरिस्तोला वाटत राहिलं. आतल्या खोलीत इनोंगे पाठमोरी बसून अभ्यास करत होती. तिनं त्या आवाजाला एकदाही वळून पाहिलं नाही.

गुरुवारी शाळेच्या निळ्या झग्यातच तो तिला घेऊन गेला. कानासाठी जायचं आहे, एवढंच सांगितलं होतं. वाटेत ती त्याच्या डाव्या बाजूनं चालत होती, म्हणजे तिचा बरा कान त्याच्याकडे येत होता. हे ती कधीपासून करत होती? तो आठवू लागला. रस्ता ओलांडताना, चर्चमध्ये बाकावर, जेवताना. नेहमीच. ती सराईतपणे जागा बदलायची, आणि त्याला वाटायचं, पोर चंचल आहे. सिस्टर मुतिंतानं तिच्याशी गप्पा मारल्या, समोर बसून, तोंड दिसेल असं. शाळेत काय आवडतं? गणित. का गं? त्यात बोलावं लागत नाही. सिस्टर हसली आणि तिनं बोटाला सुई टोचली. इनोंगेनं हात मागे घेतला नाही. रक्ताचा थेंब कागदी पट्टीवर चढू लागला. तिघंही त्या पट्टीकडे बघत होते, आणि एवरिस्तोनं देवाकडे काही मागायचा प्रयत्न केला; पण मागायला गेलं की मनात फक्त नामाकाऊचे एकावर एक आलेले दात येत. एक रेघ उमटली. मग तिच्या शेजारी, आधी शंका यावी इतकी फिकट आणि मग बघता बघता गडद, दुसरी. सिस्टरनं खात्रीसाठी दुसऱ्या तऱ्हेची पट्टी काढली. तिच्यावरही तेच झालं.

त्याला वाटलं होतं की काहीतरी कोसळेल. काहीच कोसळलं नाही. खोलीत पंखा फिरत होता. त्याच्या मनातली ती भिंत अशी नाहीशी झाली जशी ती कधी नव्हतीच, आणि पलीकडे नामाकाऊ उभी होती, आजारी, त्याच्याच आजारानं आजारी, त्यानं हात धरून कुठंही न नेलेली. सिस्टर हळू आवाजात त्याला सांगत होती की आता औषधं आहेत, ही शाळा पुरी करील, लग्न करील, तिला निरोगी मुलं होतील. फक्त उशीर झाला आहे, आणि जे गेलं ते सगळं परत येणार नाही. "आणि हिला सांगायला हवं. कुक्कुलं बाळ नाहीये ती. तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मी," तो म्हणाला, आणि तिच्याकडे वळला. इनोंगे दोघांच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होती. मग तीच बोलली, नेहमीसारखी जरा जास्तच मोठ्यानं.

"बाबांसारखं आहे ना?"

सिस्टरनं एवरिस्तोकडे पाहिलं.

"तुला काय माहीत बाबांचं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही रोज गोळी घेता. बातम्या लागल्या की. शाळेत शिकवलंय आम्हाला त्या गोळीचं." ती त्याला समजावत होती, जणू तोच लहान होता. "मला वाटलं तुम्ही मरणार. आई मेली तसे. मग मला मोंगूला आजीकडे पाठवतील. धाकट्या आईकडे कशी ठेवतील? म्हणून मी लोझी शिकतेय. शाळेपाशी ती मासे विकते ना, ती बाई लोझी आहे. ती मला रोज चार शब्द सांगते. आता मला पाणी मागता येतं. दुखतंय म्हणून सांगता येतं."

एवरिस्तोनं तिचा टोचलेला हात हातात घेतला आणि त्या बोटावरचा कापूस दाबून धरला, रक्त थांबून गेलं होतं तरी. "मी मरत नाहीये गं," तो म्हणाला. "इनोंगे, मी बरा आहे. कधीचाच बरा आहे. गोळी घेतो म्हणून तर बरा आहे."

"मग मला का नाही दिली?" तिनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच समजलं नव्हतं.

औषधं सुरू झाली. पहिले काही दिवस ती ओकली, तिला भयंकर स्वप्नं पडली. लव्हनेसनं तिला चिकोंदीसारखं मांडीवर घेऊन शेंगदाण्याची लापशी भरवली आणि दोघींनी मिळून एवरिस्तोच्या वेंधळेपणावर तोंडसुख घेतलं. कान वाहायचा थांबला. उशीचा वास गेला, आणि तो गेल्यावर घर परकं वाटू लागलं. पाऊस लागल्यावर तो तिला मोठ्या हॉस्पिटलात कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथं तिच्या डोक्यावर काळे हेडफोन चढवले आणि आवाज आला की हात वर कर म्हणून सांगितलं. काचेच्या अलीकडून एवरिस्तो बघत होता. तिचा हात बराच वेळ मांडीवरच राही. ती डोळे विस्फारून, श्वास धरून, अख्ख्या अंगानं ऐकायचा प्रयत्न करत होती, आणि तिला मदत करता यावी म्हणून तोही इकडे श्वास धरून बसला होता. डॉक्टर म्हणाले, डावा कान संपला. आतली हाडंच झिजून गेलीत. उजवा अर्धा आहे, तो टिकेल. चार-पाच वर्षांपूर्वी आणलं असतं तर, असं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. चांगला माणूस होता.

परतीची मिनीबस खच्चून भरली होती. ओल्या छत्र्या, कोंबड्यांचं खुराडं, कुणाच्या तरी मांडीवर सुक्या कापेंता मासळीची पिशवी. कंडक्टर दारात लोंबकळत "काब्वाता, चिलेंजे! काब्वाता, चिलेंजे! सरका हो काकू, चौघांची सीट आहे ही, राणीचं सिंहासन नाही!" असं ओरडत होता, आणि काकू त्याला "तुझ्या आईला सरकव" म्हणत होती. इनोंगे खिडकीपाशी होती, एवरिस्तो तिच्या उजव्या बाजूला. काचेवरून पावसाचे ओघळ जात होते. नामाकाऊ गेली त्या वर्षी जन्मलेली पोरं आता पाचवी-सहावीत असतील, असं काहीतरी तो विचार करत होता, किंवा विचार न करता नुसता त्या ओघळांकडे बघत होता.

"बाबा," इनोंगे म्हणाली. आपला आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नसे. "आईला हे कुणी दिलं?"

पुढच्या सीटवरचं डोकं वळलं. काकूचा कंडक्टरशी चाललेला वाद थांबला. एवरिस्तोचा हात आपोआप तिच्या तोंडाकडे जायला उठला आणि अर्ध्यावर थांबला. घरी बोलू, असं म्हणता आलं असतं. माहीत नाही, असंही म्हणता आलं असतं, आणि ते अगदी खरं होतं; कुणालाच ते कधी कळणार नव्हतं. नामाकाऊच्याही आयुष्यात त्याच्या आधीचे दिवस होते. पण माहीत नाही म्हटलं की अर्धा दोष त्या मेलेल्या बाईच्या पदरात पडत होता, आणि तिच्या पदरात त्यानं आधीच पुष्कळ काही टाकलं होतं. तो तिच्या कानाशी वाकला.

"मी," तो म्हणाला.

तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि त्याच्या ओठांकडे पाहिलं. "काय?"

त्यानं श्वास घेतला. बस एका खड्ड्यातून उसळली, कोंबड्या कलकलल्या, आणि मग सगळं शांत झालं, नको इतकं शांत. ओळखीचे चेहरे होते. दोघं तरी त्याची गिऱ्हाइकं होती.

"मी दिलं," एवरिस्तो मोठ्यानं म्हणाला. "तुझ्या आईला मी दिलं. आणि तिला डॉक्टरकडे नेलं नाही. आणि तुलाही नेलं नाही."

काकूनं मांडीवरची पिशवी उगाच नीट केली. इनोंगे त्याच्याकडे बघत होती. त्याच्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला वाचता आलं नाही, आणि पुढेही कित्येकदा आठवून बघूनसुद्धा वाचता येणार नव्हतं. मग तिनं तोंड फिरवलं आणि खिडकीची काच तळहातानं पुसली. ओघळ बाहेरून होते, ते पुसले गेले नाहीत.

"काब्वाता," कंडक्टर म्हणाला, ओरडला नाही. "काब्वाताला कुणी उतरणार आहे का?"

"आम्ही," इनोंगे म्हणाली. ती उठली, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत पुढे झाली आणि बापासाठी न थांबता पावसात उतरली. खाली उतरून मात्र ती उभी राहिली होती, बसकडे पाठ करून, भिजत. एवरिस्तो तिच्याजवळ गेला. कुठल्या बाजूनं उभं राहावं ते त्याला कळेना.